पानाबाहेरचे जेवण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बस्सी येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आहाराच्या हिशेबाचा विषय मांडणे म्हणजे पंक्तीला बसलेल्यांची नाडी तपासावयास वैद्याने उभे राहण्यासारखे आहे, ह्याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तरीही हा विषय आम्ही स्वीकारला, त्यास कारण घडले आहे. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात चहा ठेवला की 'बिनसाखरेचा कोणाकोणाला?' असा प्रश्न आता आधी विचारावा लागतो, आणि त्या प्रश्नावर वर होणारे हात केवळ वृद्धांचे नसतात. आपल्या मंडळाचीच ही गोष्ट आहे असे मात्र नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख. ज्या रोगाला एके काळी श्रीमंतांचा रोग म्हणत, तो आता घराघरांत येऊन बसला आहे.

आणि तरीही आपण घरोघर ऐकतो ते एकच वाक्य : "आमचे जेवण तर अगदी थोडे आहे हो!" हे वाक्य खोटे असते असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. दोन चपात्या, वाटीभर वरण, थोडा भात आणि भाजी एवढ्यावर पानावरून उठणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रश्न पानावरच्या अन्नाचा नाही. पानाबाहेरच्या अन्नाचा आहे. चहाबरोबरचे 'काहीतरी', जाता जाता तोंडात टाकलेला 'चिमूटभर' चिवडा, पाहुण्याबरोबर घेतलेले 'नुसते' सरबत, ह्यांना आपण जेवणात धरीत नाही. 'काहीतरी', 'चिमूटभर' आणि 'नुसते' ह्या तीन शब्दांच्या आड जे दडलेले असते, त्याचाच हिशेब आज आपल्यापुढे मांडावा असे योजिले आहे.

प्रथम मोजमापाविषयी थोडे सांगावयास हवे. ज्याला आज सर्रास कॅलरी म्हटले जाते, त्यास शाळेच्या जुन्या पुस्तकांत उष्मांक म्हणत. तोच शब्द आम्ही वापरू. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी म्हणजे आहारशास्त्रातील एक उष्मांक. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर सुमारे ४ उष्मांक देते, एक ग्रॅम प्रथिन तितकेच, आणि एक ग्रॅम तेल किंवा तूप मात्र ९. एवढे तीन आकडे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा सारा हिशेब पाटीवर करता येतो. आपल्या देशात ह्या विद्येचे मोठे पीठ हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनी १९१८ साली कुन्नूर येथे लहानशा प्रमाणावर आरंभलेले हे कार्य १९५८ साली हैदराबादेस आले, आणि १९६९ पासून ते सध्याच्या नावाने ओळखले जाते. भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते ह्याच संस्थेने सिद्ध केले आहेत. बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाकाठी सुमारे २,१०० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे १,६५० उष्मांक लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०२० चे प्रमाण आहे. आपल्यांतील बहुतेक मंडळी, मग ती कार्यालयांत असोत वा दुकानांत, बैठ्याच कामाची आहेत.

आता ह्या प्रमाणाच्या शेजारी एका अगदी साध्या दिवसाची बेरीज मांडू. चांगल्या घट्ट दुधाचा चहा, त्यात ५० मिलिलिटर दूध आणि दोन सपाट चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर. दुधाचे ४३ आणि साखरेचे ४०, मिळून ८३ उष्मांक. असे दिवसातून चार कप म्हणजे ३३०. सकाळच्या चहात बुडविलेले दोन टोस्ट, ८०. दुपारी चारच्या सुमारास डब्यातून काढलेले मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फरसाण, १६५. संध्याकाळी उकाड्यामुळे घेतलेली ३०० मिलिलिटरची थंड पेयाची बाटली, १३०. एकूण ७०५. ह्यात कोणी काही 'खाल्ले' असे म्हणणार नाही. ही व्यक्ती रात्री अगदी प्रामाणिकपणे सांगेल की दिवसभरात दोन वेळ जेवण्यापलीकडे तिने काही घेतले नाही. परंतु पुरुषाच्या बाबतीत हा दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा झाला आणि स्त्रीच्या बाबतीत पाच हिश्श्यांतील दोनांहून अधिक. दोन्ही वेळचे जेवण अजून व्हावयाचेच आहे.

ही विस्मृती केवळ आपलीच आहे असे नव्हे. ती मनुष्यस्वभावातच आहे. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, 'आम्ही फारच थोडे खातो, तरी वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्या दहा जणांचा आहार सूक्ष्म रीतीने मोजला गेला. ते जितके खात होते, त्याच्या जवळजवळ निम्माच आहार त्यांच्या सांगण्यात येत होता, आणि आपण जितके श्रम करतो असे ते म्हणत, ते प्रत्यक्षापेक्षा दीडपट होते. ही माणसे लबाड नव्हती. मनाच्या वहीत जेवणाची नोंद होते, अधल्यामधल्याची होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चहाविषयी इतके सांगितल्यावर इतर पेयांविषयी बोलणे प्राप्तच आहे. कारण लपण्याच्या कलेत पेयांसारखे निष्णात कोणी नाही. चावून खाल्लेल्या अन्नाची शरीर जशी दखल घेते, तशी घोटाने गिळलेल्या साखरेची घेत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००० साली झालेला एक प्रयोग ह्या संदर्भात बोधप्रद आहे. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० उष्मांकांच्या जेलीच्या गोळ्या दिल्या आणि दुसरे चार आठवडे तितक्याच उष्मांकांचे गोड पेय दिले. गोळ्या खाणाऱ्यांचे इतर खाणे आपोआप तितकेच कमी झाले. पेय पिणाऱ्यांचे झाले नाही. पेयातील उष्मांक नेहमीच्या आहारावर वरकड म्हणून बसले. प्यालेल्या साखरेने पोट भरत नाही, आणि म्हणूनच ती पोटावर दिसू लागते.

बस्सीच्या उन्हाळ्यात हा प्रश्न विशेष बिकट होतो. वैशाखातील दुपारी आग्र्याच्या महामार्गावरून येणारा पाहुणा दारात उभा राहिला की त्याला गार पेय देणे हा गृहस्थधर्मच आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. प्रश्न कोणते पेय द्यावे एवढाच. बाटलीतील रंगीत पेयात दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरमध्ये सहा चमचे. कोणा यजमानाने आपल्या देखत पाण्याच्या पेल्यात सहा चमचे साखर घातली तर आपण त्याचा हात धरू. कारखान्याने घातली तर धरीत नाही, कारण ती आपणांस दिसत नाही. फळाचे चित्र असलेल्या डब्यांची गत ह्याहून बरी नाही. उसाच्या रसातही साखर असते ती शंभरात १२ ते १५ भाग. आणि जयपूरची ती मातीच्या कुल्हडातील साय घातलेली लस्सी! तिची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पण मोठ्या कुल्हडात ३०० ग्रॅम दह्याचे १८०, ४० ग्रॅम साखरेचे १६० आणि वरच्या सायीचे ८० ते १०० असे मिळून सव्वाचारशे उष्मांक सहज होतात. ही तहान भागविणारी वस्तू नसून एक वेळचे जेवण आहे. ते जेवण म्हणून घ्यावे आणि पुढचे पान त्या मानाने आवरावे.

ह्या उलट ह्याच मातीने दिलेली छाछ पाहा. पातळ घुसळलेल्या पेलाभर छाछेत ३० ते ४० उष्मांकांहून अधिक काही नाही, आणि मीठ-जिऱ्यासह ती उन्हाळ्यात जे काम करते ते कोणत्याही बाटलीला साधत नाही. येथील खेड्यांत बाजरीचे पीठ छाछेत शिजवून जी राबडी करतात, तीही अशीच. आपल्याकडच्या दाट दुधाच्या रबडीशी नामसाधर्म्यापलीकडे तिचा काही संबंध नाही. आपले ताक, बिनसाखरेचे कोकम आणि येथील छाछ, राबडी ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही प्रांतांतील गरिबीने आणि उन्हाने शिकविलेले हे शहाणपण आहे, आणि आपण पन्नास वर्षे येथे राहून ते आपलेसे केले नाही तर करावयाचे कधी?

आता तळणाकडे वळू. पाककृतींचे कोणतेही पुस्तक उघडा. पीठ दोन वाट्या, तिखट एक चमचा, ओवा पाव चमचा असे सारे काटेकोर लिहिलेले असते, आणि शेवटी येते 'तळण्यासाठी तेल'. किती, ते कोणी लिहीत नाही. सगळ्या जिनसांत सर्वांहून अधिक उष्मांक असलेली जिन्नस तेवढी मोजमापाबाहेर राहते! कढईत राहिलेले तेल परत बरणीत जाते, म्हणून पदार्थात गेलेल्या तेलाचा अंदाज गृहिणीलाही येत नाही. तळताना पदार्थातील पाण्याची वाफ जोराने बाहेर पडत असते, तोवर तेल आत शिरण्यास फारसा वाव नसतो; पदार्थ बाहेर काढला की आतली वाफ थंड होऊन आकसते, पोकळी होते, आणि पृष्ठभागावरचे तेल त्या पोकळीत ओढले जाते. म्हणूनच झाऱ्यावर नीट निथळवून, लगेच कागदावर टिपलेला पदार्थ आणि ढिगावर ढीग रचलेला पदार्थ ह्यांत फरक पडतो. पदार्थ जितका पातळ आणि बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक, आणि तेलही अधिक. ह्या दृष्टीने वड्यापेक्षा शेव महाग पडते. साधा पापड भाजण्याऐवजी तळला तर त्याचे उष्मांक जवळजवळ दुप्पट होतात.

आणि तळणाचे तेल निदान दिसते तरी. मोहन तर मुळीच दिसत नाही. ह्या प्रांताची शान असलेली प्याज कचोरी खुसखुशीत होते ती मैद्यात चोळलेल्या मोहनामुळे आणि मंद आचेवर दीर्घ काळ तळल्यामुळे. एका कचोरीस ४० ग्रॅम मैदा धरला तर त्याचे १४०, मोहन आणि तळण मिळून १८ ग्रॅम स्निग्धांश धरला तर त्याचे सुमारे १६०, आणि सारणाचे ४०, एकूण ३४०. साठ किलोच्या माणसास एक किलोमीटर चालण्यास सुमारे ५० उष्मांक लागतात. म्हणजे एका कचोरीची फेड करावयाची तर बस्सीहून निघून जयपूरच्या वाटेवर जवळजवळ सात किलोमीटर चालावे लागेल. तिच्या जोडीला मिरची बडा घेतला असेल तर जयपूर आणखी जवळ येईल! आपली शंकरपाळी, चकली आणि भाकरवडी ह्याच कुळातील आहेत. फरसाणाच्या बहुतेक पुड्यांवर दर १०० ग्रॅममागे ५०० ते ५५० च्या आसपास उष्मांक लिहिलेले आढळतील.

हे पदार्थ करणारे पूर्वज अडाणी होते असे मात्र कोणी समजू नये. वाळवंटातून आठवडेच्या आठवडे प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्याला, किंवा घाट ओलांडणाऱ्या आपल्याकडच्या वाटसरूला, थोड्या वजनात पुष्कळ बळ देणारे, न विटणारे अन्न हवे होते. शेव, खाकरा, दशमी, लाडू ही त्या प्रवासाची शिदोरी होती. शिदोरी तशीच राहिली. प्रवास तेवढा थांबला. उंटावरच्या माणसाचे अन्न आपण आरामखुर्चीत बसून खातो आहोत, हीच काय ती विसंगती. उन्हात खडी फोडणाऱ्या मजुराला, वाढत्या वयाच्या हडकुळ्या मुलाला, आजारातून उठलेल्या अशक्त माणसाला हेच अन्न उपकारक ठरते. तेव्हा आज आम्ही सांगतो आहोत ते बैठ्या आणि सुस्थितीतील घरांसाठी, हे ध्यानात असावे.

परप्रांतीय मराठी घरांची ह्यात एक आगळीच अडचण आहे : आपल्याला दोन पंचांगे आहेत. येथील महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. म्हणून येथला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. शेजाऱ्यांचा श्रावण सुरू झाला की घेवर येऊ लागतो, तीजेला त्याचा कळस होतो. आपला नारळीभात आणि पुरणपोळी पाठोपाठ असतातच. संक्रांतीस आपण तिळगूळ वाटतो आणि गच्चीवर पतंगांच्या संगतीने शेजारची फीणी, गजक आणि पकोडीही घेतो. दोन्ही संस्कृतींचा वारसा आपण प्रेमाने स्वीकारला, हे भूषणच आहे. परंतु सण दोन घरचे आणि पोट मात्र एकच, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

उपासाची गोष्ट तर आपण स्वतःच म्हणीत घालून ठेविली आहे : एकादशी अन् दुप्पट खाशी! एका माणसाच्या साबुदाण्याच्या खिचडीत ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तर २६०, दाण्याचे कूट ३० ग्रॅम धरले तर १७०, तूप २० ग्रॅमचे १८० आणि बटाट्याचे ४०. असे ६५० उष्मांक होतात. तीन चपात्या, वरण, भाजी आणि थोडा भात ह्यांचे जेवण ह्याहून अधिक होत नाही. शिवाय त्यात प्रथिने आणि भाजीपाला असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपासाचे पुण्य मिळावे ह्याविषयी आमचा वाद नाही. उपासाचा लंघन म्हणून हिशेब धरू नये, एवढेच मागणे आहे.

ह्याच ओघात काही गोड गैरसमजांचाही निकाल लावावा. साखरेऐवजी गूळ घातल्याने चहा निरुपद्रवी होत नाही. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, गुळात ३८० च्या घरात. मधात सुमारे ३२० असतात, ते त्यात पाण्याचा अंश आहे म्हणून. तूप घरचे असो, तेल लाकडी घाण्याचे असो वा परदेशी फळाचे, गुणधर्मांत भेद असतील, पण ग्रॅमला उष्मांक नऊच. मुलांच्या दुधात घालावयाच्या ज्या चूर्णांना आपण 'आरोग्यपेय' म्हणून डोक्यावर घेतले, त्या नावाला अन्नसुरक्षेच्या कायद्यात व्याख्याच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने संगणकीय बाजारपेठांना त्या सदरातून अशी पेये काढून टाकण्यास सांगितले. पुड्यावरची मोठी अक्षरे विकणाऱ्याची असतात, लहान अक्षरे आपली असतात. २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर उष्मांक, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे आकडे द्यावे लागतात. ते वाचताना 'दर १०० ग्रॅम' आणि 'एका वेळचे प्रमाण' ह्यांतील भेद पाहावा. कारखानदाराचे एका वेळचे प्रमाण २० ग्रॅमचे असते आणि आपली मूठ त्यापेक्षा उदार असते.

गेल्या काही वर्षांत सरकारनेही ह्या प्रश्नी पाऊल उचलले. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्याशी संलग्न शाळांना 'साखर फलक' लावण्यास सांगितले. कोणत्या पेयात किती साखर असते, ते मुलांना डोळ्यांनी दिसावे हा त्यातला हेतू. जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखर ह्यांचे फलक लावण्याविषयी पत्र पाठविले, आणि जुलैमध्ये नागपूरच्या एम्स रुग्णालयाच्या निमित्ताने समोसा आणि जिलबी ह्यांवर सिगारेटसारखे इशारे येणार, अशी देशभर ओरड झाली. विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा छापावयाचा नाही, हा सर्वसाधारण सल्ला आहे, असा खुलासा सरकारला करावा लागला. ह्या गदारोळात एक मुद्दा मात्र हरवला. जिलबी काही लपत नाही. ती पाकात निथळत समोर येते, तिच्यात साखर आहे हे तान्ह्या बाळालाही कळते, आणि ती रोज कोणी खात नाही. रोज येतात ते चहा, टोस्ट, बिस्किट आणि मूठभर फरसाण. जिलबीला फलक हवा असेल तर आपल्या चहाच्या पातेल्याला तो आधी हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली आणि रस-मधातील साखर आहाराच्या दहा टक्क्यांखाली, शक्य तर पाच टक्क्यांखाली असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. आपले चार कप चहाच ४० ग्रॅम साखर घेऊन येतात.

येथे कोणी सडपातळ सभासद मनातल्या मनात म्हणत असतील, की हे सारे स्थूल माणसांसाठी चालले आहे. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांचे उदाहरण देणे अगत्याचे आहे. २००४ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच, २२.३. परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपली भारतीय प्रकृती ही अशी आहे : वरून कृश, आतून मेदयुक्त. काट्यावर दिसणारे वजन आपणांस दिलासा देते आणि चरबी पोटात निवांत साठत राहते. अधलेमधले उष्मांक जसे हिशेबात दिसत नाहीत, तशीच ती चरबीही अंगावर दिसत नाही.

मग उपाय काय? महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांच्या प्रचारामुळे दोनच वेळा जेवण्याची पद्धत हजारो घरांत पोहोचली. तिच्या शास्त्रीय बाजूविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि मधुमेहावर औषध घेणाऱ्याने वैद्याला विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा मोडू नयेत. परंतु त्या प्रचाराने मराठी घराला एक गोष्ट निश्चित शिकविली : दोन जेवणांच्या मधली वेळ ही मोकळी जागा नसून तीच खरी मोजण्याची जागा आहे. तेवढी शिकवण घेण्यास कोणाचीच हरकत नसावी.

आम्हांस तर वाटते की ह्यातील अर्धा रोग पोटाचा नसून शिष्टाचाराचा आहे. आपल्याकडचा आग्रह आणि येथली मनुहार ह्या दोन्ही थोर परंपरा. आणि आपण दोघींच्या कात्रीत सापडलो आहोत. नको म्हटले तर यजमानाचा अपमान, घेतले तर देहाचा. पाहुण्याला काही न देता पाठविणे आपल्या रक्तात नाही, आणि ते यावेही नाही. पण आतिथ्याचे माप साखरेच्या चमच्यांत का असावे? जेव्हा गोड वस्तू दुर्मिळ होती, तेव्हा ती देणे हा त्याग होता. आज साखर ही घरातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. आज त्याग आहे तो वेळेचा. ताजे ताक घुसळून देणे, काकडी-गाजर चिरून ठेवणे, हरभऱ्याची उसळ किंवा भाजलेल्या पातळ पोह्यांचा चिवडा करणे ह्याला पुडा फोडण्यापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि म्हणूनच ते अधिक खरे आतिथ्य आहे.

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या ह्या वर्षी मंडळाने काही साधे पायंडे पाडावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. मंडळाच्या कार्यक्रमांत चहा बिनसाखरेचाच करावा आणि साखर लहान चमच्यासह वेगळी ठेवावी. म्हणजे हात वर करून आपला रोग जाहीर करण्याची पाळी कोणावर येणार नाही, आणि इतरांनाही आपण किती घालतो ते दिसेल. उन्हाळ्यात पहिल्याने पाणी आणि छाछ फिरावी. तळलेला पदार्थ एकच असावा, तो ताजा असावा, आणि तो पानात वाढावा, हातावर नव्हे. कारण पानात वाढलेल्याची नोंद मन घेते. आग्रह एकदा करावा, दुसऱ्यांदा करू नये. आणि प्रत्येक घराने एक छोटा हिशेब ठेवावा : महिन्याला तेल-तूप किती आणले, तो. माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅमांच्या आसपास स्निग्ध पदार्थ पुरेसे मानले, तर चौघांच्या घरात तेल, तूप, लोणी सारे मिळून महिन्याला साडेतीन किलोंच्या आतबाहेर भागावयास हवे. 'तळण्यासाठी तेल' ह्याचा जो आकडा पाककृतीच्या पुस्तकात सापडत नाही, तो वाण्याच्या वहीत मात्र नेमका सापडतो. बाहेरच्या कचोरीचे तेल त्यात येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कचोरी सोडा, घेवर सोडा, दिवाळीचा फराळ बंद करा, असे सांगण्यास आम्ही आलेलो नाही. सणाच्या दिवशी घेवराचा तुकडा दोन हातांनी घ्यावा, बसून खावा, आणि ज्याने दिला त्याचे कौतुक करावे. जे आवडीने आणि जाणून खाल्ले जाते, त्याने माणूस सहसा बिघडत नाही. तो बिघडतो जे नकळत खाल्ले जाते त्याने. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. चहाच्या कपाकपाने आणि मुठीमुठीने साचणाऱ्या तळ्यालाही ती तितकीच लागू आहे. रोजच्या चार कपांतून एकेक चमचा साखर कमी केली तर वर्षाला सात किलोंहून अधिक साखर एका माणसाच्या पोटात जाण्याची टळते. आपल्या मुलांनी मंडळाचा शतकमहोत्सव निरोगी देहाने साजरा करावा, अशी आपणां सर्वांची इच्छा आहे. त्या इच्छेचे मोल दिवसाला चार चमचे साखर इतके असेल, तर ते फार नव्हे.

 बाहेर छाछ तयार आहे असे समजते.